पुठ्ठ्याचा कोल्हा आणि एकशे त्रेचाळीस पुस्तिका

ब्युनोस आयर्स, ७ मे १९२२

प्रिय तोरिबिओदादा,

कॉर्सेटच्या दुकानातली नोकरी मी सोडली. लगेच माझ्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरू नकोस. दुसरी लागली आहे. आता मी कापडाऐवजी पुठ्ठा कापते.

पुजोल म्हणून एक कातालान गृहस्थ आहेत. वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची व्यंगचित्रं काढायचे. आता त्यांना ती चित्रं पडद्यावर चालवायची आहेत. आमचा कारखाना म्हणजे बाल्वानेरा वस्तीतल्या एका तिमजली घराची गच्ची, कारण दिव्यांपेक्षा ऊन बरं. टेबलावर पुठ्ठ्याचा कोल्हा आडवा झोपवायचा, वर कॅमेरा उलटा टांगलेला. कोल्ह्याचा हात केसभर सरकवायचा, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे सोळा झाले की पडद्यावरचा एक सेकंद होतो. कोल्हा सतरा तुकड्यांचा आहे, सांधे दोऱ्याने बांधलेले. कॉर्सेट बेतणाऱ्या बाईला माणूस कुठे वाकतो ते बरोबर माहीत असतं, म्हणून मला घेतलं.

कोल्हा सिनेटर आहे. उंच हॅट, पोटावर घड्याळाची साखळी. मी विचारलं, "कोणता सिनेटर?" पुजोल म्हणाले, "ज्याला राग येईल तो."

आता कामाचं. गोष्टीत कोल्हा गावाकडे मतं मागायला जातो. पण गच्चीवरचे सगळे शहरात वाढलेले, गावचं मतदान कसं असतं ते एकालाही ठाऊक नाही. मी गावची, पण बाई. मला मतच नाही. तेव्हा तू लिही. सान एलोयमध्ये मतदानाला काय काय होतं, ते तू चर्चच्या नोंदवहीत लिहितोस तसं लिही. जसं घडतं तसं.

आणखी एक. बाबांची मतदार-पुस्तिका, मत देताना दाखवायची ती, तुझ्याकडेच असेल ना? तिच्यात त्यांचा फोटो आहे. जन्मात तेवढा एकच काढला, तोही सरकारनं बसवलं म्हणून. त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली. परवा डोळे मिटले तर मला मिशा आठवल्या, तोंड आठवेना. तेवढी पाठव.

तुझी,
बेनिता


सान एलोय, २१ मे १९२२

प्रिय बेनिता,

देव तुझं भलं करो. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग अंगणात जाऊन एका पाकोळीकडे बघत बसलो. एका सेकंदात सोळा म्हणजे किती बारीक, ते कळावं म्हणून तिच्या पंखांची हालचाल मोजायचा प्रयत्न केला. चारच्या पुढे जाता आलं नाही. आपण रोज जे हलताना बघतो ते खरं तर किती ठिकाणी थांबत असेल, असा विचार मनात आला. मला एक सांग, काम चालू असताना टेबलाला कोणाचा धक्का लागला, तर कोल्हा आधी कुठे होता हे तुम्हाला कसं कळतं?

आता तू विचारलंस ते. इथे मतदान फार शांतपणे होतं.

चर्चच्या वस्त्रांच्या खोलीत देवदाराची पेटी आहे, तुला आठवत असेल, उपासकाळातली जांभळी वस्त्रं तिच्यात असायची. आता तिच्यात पुस्तिका असतात. एकशे त्रेचाळीस आहेत. आपली माणसं लांब लांब मळ्यांवर राहतात, छपरं गळतात, उंदीर कागद खातात. दॉन सेवेरो इरिबार्ने निम्म्या गावाच्या मुलांचे धर्मपिता आहेत. बाप्तिस्म्याच्या जेवणात माणूस त्यांच्या हातात आपली पुस्तिका देतो, की तुम्हीच सांभाळा. दॉन सेवेरो ती मला देतात. म्हणतात, "तोरिबिओ, तुझ्या हातून आजवर काही हरवलं नाही." मी त्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या क्रमानं लावतो आणि कसर लागू नये म्हणून मधे मधे रोजमेरीच्या काड्या घालतो. किल्ली माझ्या गळ्यात असते.

निवडणुकीच्या आधीच्या शुक्रवारी दॉन सेवेरोंची गाडी पेटी घेऊन जाते. रविवारी त्यांच्या अंगणात मांस भाजतात, अकॉर्डियन वाजतो, सगळे जेवतात. सोमवारी पेटी परत येते, प्रत्येक पुस्तिकेवर मत दिल्याचा शिक्का बसलेला असतो. ज्याला लागेल त्यानं आपली न्यावी, पण बहुतेक जण ठेवूनच जातात. कोणाला दहा मैल यावं लागत नाही, कोणाचा दिवस मोडत नाही.

यात मला कधी खटकलं नाही. आजारी माणूस चर्चला येऊ शकत नाही, तेव्हा त्याच्या नावानं मी मेणबत्ती लावतो. त्याच्यासाठी मिस्साची उपासना होते. ती त्याला पोचते असं आपण मानतो. मत हेही तसंच कोणी तरी आपल्या वतीनं देत असेल, असं मी धरून चालतो. तुला वेगळं वाटतं का?

मामांची, म्हणजे तुझ्या बाबांची, पुस्तिका शोधून पाठवतो.

तुझा,
तोरिबिओ


ब्युनोस आयर्स, २ जुलै १९२२

प्रिय दादा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. टेबलाला धक्का लागला तर कळत नाही. म्हणून आम्ही कोल्ह्याच्या पायांखाली टाचण्या मारतो आणि फोटो होईपर्यंत मी श्वास धरते. दिवसाला तीनशे वेळा. पुजोलांची बायको म्हणते, "बेनिता, तू पाण्याखाली राहायला जा, तुला आता जमेल."

आमचा खरा शत्रू ढग आहे. परवा कोल्हा भाषण करत होता, हात वर, तोंड उघडं, तेवढ्यात ढग आला. आमच्या लक्षात आलं नाही. फिल्म धुतली तर भाषणाच्या मधोमध कोल्हा काळवंडतो आणि परत उजळतो. मी रडकुंडीला आले, चार दिवसांचं काम गेलं म्हणून. पुजोल म्हणाले, "राहू दे. त्याला मधेच लाज वाटून गेली असं लोकांना वाटेल."

तुझं पत्र मी गच्चीवर मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदा सगळे हसले. पुजोल म्हणाले परत वाच. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. पुजोल पेन्सिल चावत म्हणाले, "हा तुझा भाऊ भला माणूस आहे." ज्या आवाजात म्हणाले तो मला आवडला नाही, म्हणून तुला कळवते.

तू विचारलंस, मला वेगळं वाटतं का. दादा, तू मेणबत्ती लावतोस तेव्हा त्या आजारी माणसानं तुला सांगितलेलं असतं, माझ्या गुडघ्यासाठी लाव, माझ्या गाईसाठी लाव. मत देताना दॉन सेवेरोंना कोण काय सांगतं?

मला माहीत नाही, म्हणून विचारते. मला मत नसल्यामुळे मी यावर कधी विचारच केला नव्हता.

बाबांची पुस्तिका अजून आली नाही.

बेनिता


सान एलोय, ३० जुलै १९२२

प्रिय बेनिता,

उशीर झाला, त्याला कारण आहे.

मामांची पुस्तिका सापडली. फोटो चांगला आहे. कॅमेऱ्याकडे असे बघतायत जसं काही तो कुंपण तोडून आत शिरलेला बैल आहे. पण पुस्तिका गुंडाळताना मी शेवटचं पान पाहिलं. त्याच्यावर यंदाच्या एप्रिलचा शिक्का आहे.

मामा गेले ते १९१९ च्या ऑगस्टमध्ये. मीच घंटा वाजवली, मीच वहीत लिहिलं. आधी वाटलं कारकुनाची चूक असेल. मग नोंदवही काढून बसलो आणि एकेक नाव जुळवलं. पेटीतल्या एकोणीस जणांना आम्ही पुरलं आहे. एकोणिसांच्याही पुस्तिकेवर एप्रिलचा शिक्का आहे.

मी दॉन सेवेरोंकडे गेलो. ते येर्बाचा कडू काढा पीत बसले होते. मला बसायला सांगितलं, पहिला घोट मला दिला. मी पान दाखवलं. ते हसले.

"कासियानो माझा जुना माणूस," म्हणाले. "मेला म्हणून काय पक्ष बदलेल?"

"पण दॉन सेवेरो, मामा आले कसे?"

"तूच ना रे मेलेल्यांसाठी प्रार्थना करतोस? मग मेलेल्यांनी आपल्यासाठी थोडं केलं तर बिघडलं कुठे?"

मी म्हटलं की ही पुस्तिका मामांच्या मुलीला पाठवायची आहे. म्हणाले, "नोव्हेंबरचं मतदान होऊ दे. मग हवी तर चौकटीत बसवून पाठव."

मी परत आलो. त्यांचं मेलेल्यांबद्दलचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. ते मीच कधी तरी म्हणेन असं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते मला ऐकवेना. याचं कारण मी अजून शोधतो आहे. पुस्तिका पाठवत नाही याबद्दल क्षमा कर. त्यांना शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

तुझा,
तोरिबिओ


ब्युनोस आयर्स, २० ऑगस्ट १९२२

प्रिय दादा,

बाबांना शेवटची दोन वर्षं गुडघ्यांमुळे कुंपणापर्यंत जाता येत नव्हतं. आता दहा मैल जाऊन मत देऊन येतात. मरण मानवलं म्हणायचं.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. फक्त हे लिहून ठेव तुझ्या वहीत: मुलीला बापाचं तोंड मिळत नाही, कारण ते नोव्हेंबरमध्ये कामाला लागणार आहे.

फिल्म सप्टेंबरात पुरी होईल. तिच्याबद्दल तुला एक गोष्ट सांगायला हवी. तीनदा लिहिली, तीनदा फाडली. पुढच्या पत्रात लिहीन.

बेनिता


सान एलोय, १३ नोव्हेंबर १९२२

बेनिता,

ते पुढचं पत्र आलं नाही. आता त्याची गरज नाही. तुमची फिल्म काल आमच्या गावात आली.

दॉन सेवेरोंनीच आणली. कोणी तरी त्यांना सांगितलं की राजधानीत विरुद्ध पक्षाच्या सिनेटरची टर उडवणारी फिल्म गाजते आहे. निवडणूक २६ तारखेला. त्यांनी सगळ्या मळ्यांवर निरोप धाडले, लोकरीच्या गोदामाच्या खिडक्यांना पोती बांधली आणि रविवारी जेवणानंतर गाव गोळा केलं. स्वतः पहिल्या रांगेत बसले आणि मला शेजारी बसवलं. "तुझ्या बहिणीचं काम आहे ना, मग तू मानाचा," म्हणाले.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला इतका आनंद झाला की हसायचं राहून गेलं. कोल्हा आला, हॅट काढली, वाकला. तो सतरा तुकड्यांचा आहे हे मला माहीत होतं, मी दोरे शोधत होतो, तरी तो जिवंत होता. तो ढगही दिसला. कोल्हा काळवंडला तेव्हा मी दॉन सेवेरोंच्या कानात म्हटलं, "इथे ऊन गेलं होतं." ते मांडीवर थाप मारत होते. "बघ त्या चोराची चाल! अगदी हुबेहूब!"

मेंढ्या रांगेनं आल्या आणि कोल्ह्याच्या हातात पुस्तिका देऊ लागल्या. कोल्ह्यानं त्यांना जेवण घातलं, विस्तवावर भाजलेलं. मेंढ्या बोटं चाटत होत्या. एक म्हातारी मेंढी रांग मोजते, परत मोजते, आणि पाटी येते: "काल आपण तेरा होतो ना?" कोल्हा तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढतो. गोदाम हसून कोसळायचं बाकी होतं.

मग तो पक्षी आला. होर्नेरो, मातीचं भट्टीसारखं घरटं बांधणारा, रविवारी काम करत नाही म्हणतात तो. त्याच्या गळ्यात किल्ली होती. तो घरट्यात पुस्तिका रचत होता, प्रत्येकीत रोजमेरीची काडी घालत होता आणि प्रत्येकीसाठी एक मेणबत्ती लावत होता. त्याचा डावा खांदा वर होता. तीस वर्षं घंटेचा दोर ओढून माझा जसा झाला आहे तसा.

सोमवारी कोल्ह्यानं पुस्तिका परत दिल्या. म्हाताऱ्या मेंढीनं आपली नाकाला लावली आणि अशी शिंकली की टोपी उडाली. दुसरी शिंकली. तिसरी. आणि तो पक्षी खिडकीतून प्रत्येकीला म्हणतो, "देव भलं करो."

पाठीमागचं हसणं एकदम थांबलं. आमच्या सगळ्यांच्या पुस्तिकांना तो रोजमेरीचा वास येतो, बेनिता. ज्याने आपली पुस्तिका एकदा तरी हातात घेतली आहे, त्याला तो ओळखीचा आहे. त्या शांततेत लोहार फेर्मीन ओयार्झुन म्हणाला, "तोरिबिओ, माझीही अशीच घमघमते रे." मग सगळे परत हसले. या वेळी पडद्याकडे नाही, आमच्या रांगेकडे बघून.

दॉन सेवेरो हसत नव्हते. माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "तुझी बहीण काय करते म्हणालास शहरात?"

"पुठ्ठा कापते."

"छान कापते," म्हणाले.

तू म्हणालीस जसं घडतं तसं लिही. मी तुला लिहिलं होतं, गच्चीला नाही. कोल्ह्याला बघून मला राग आला नाही, त्या पक्ष्याला बघून आला. पुजोलसाहेब म्हणाले होते, ज्याला राग येईल तो. मग सिनेटर मीच झालो का?

तोरिबिओ


ब्युनोस आयर्स, १७ नोव्हेंबर १९२२

दादा,

तो खांदा मी कापला. दुसऱ्या कोणी नाही.

पुजोलांनी पक्षी दुष्ट काढला होता. बारीक डोळे, आकडेबाज चोच, मेणबत्त्या विकणारा. मला पुठ्ठा कापून द्यायचा होता आणि माझी कात्री तशी चालेना. चोच पाच वेळा कापली. पाचव्यांदा तो तू झालास. पुजोलांनी पाहिलं आणि म्हणाले, "हाच. असा भला पक्षी मिळाला नाही तर कोल्हा उपाशी मरेल." त्याच वेळी मला तुला लिहायला हवं होतं. तू मनाई करशील या भीतीनं लिहिलं नाही. मला तो पक्षी ठेवायचा होता. हे चांगलं वागणं नाही, मला माहीत आहे.

इथे लोक कोल्ह्याला हसतात आणि त्या मेणबत्त्यांपाशी गप्प होतात. काही जण डोळे पुसतात. तुला याचा काही उपयोग नाही, तरी सांगते.

आता फिल्म बाजूला ठेव. मला एवढंच विचारायचं आहे: निवडणुकीला नऊ दिवस आहेत. पेटीची किल्ली अजून तुझ्याच गळ्यात आहे का?

बेनिता


सान एलोय, २८ नोव्हेंबर १९२२

प्रिय बेनिता,

सोबत मामांची पुस्तिका आहे. फोटो सांभाळून काढ, मागे डिंक आहे. शिक्क्याचं पान मी फाडलेलं नाही. तेही त्यांचंच आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच फेर्मीन येऊन गेला होता. दारात उभा राहून म्हणाला, "माझी पुस्तिका दे."

मी म्हटलं, "दॉन सेवेरोंना विचारून देतो."

"का? त्यांचा फोटो आहे तिच्यात?"

मी गळ्यातली किल्ली सदऱ्याआत सारली. तो निघून गेला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी फादर आन्सेल्मोंकडे गेलो. ते म्हणाले, "तोरिबिओ, त्या पेटीत काय आहे ते मी कधी पाहिलेलं नाही."

"ती तुमच्या वस्त्रांच्या कपाटाखालीच आहे, फादर."

"म्हणूनच," म्हणाले.

त्यानंतर मी वेदीसमोर बराच वेळ बसलो. मेणबत्तीचा आणि मताचा जो हिशेब मी तुला लिहिला होता, तो पुन्हा मांडून पाहिला. मेणबत्ती मी लावतो तेव्हा त्या माणसाकडून काही घेत नाही. त्याची प्रार्थना त्याच्याकडेच राहते, माझी तिच्यात भर पडते. इथे मी एकशे त्रेचाळीस माणसांचं तोंड पेटीत घालून कुलूप लावलं होतं, आणि त्याला कसर लागू नये याची काळजी घेत होतो. इतकी वर्षं मी फार व्यवस्थित चूक करत होतो. देवानं मला हे गोदामात, एका शिंकणाऱ्या मेंढीकडून शिकवलं. त्याला वाटेल ते साधन तो वापरतो.

रविवारी, १९ तारखेला, मिस्सा संपल्यावर मी पेटी दारात आणली आणि बाप्तिस्म्याच्या नावानं एकेकाला हाका मारल्या. दॉन सेवेरो ओसरीत उभे होते. पहिला फेर्मीन आला. मग कोणीच नाही. मग त्याचा मेहुणा, मग तिघं एकदम. काहींनी दॉन सेवेरोंच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी घालून चालू लागले. बासष्ट जणांनी नेल्या.

दॉन सेवेरो जवळ आले. आवाज चढवला नाही. "तोरिबिओ, तू राहतोस ती खोली चर्चची आहे. आणि चर्चचं छप्पर मी घातलंय."

"हो, दॉन सेवेरो," मी म्हटलं. "गळत नाही."

ते खरंच होतं.

राहिलेल्या पुस्तिका मी पिशवीत घातल्या आणि चार दिवस मळ्यामळ्यांवर हिंडलो. काहींनी घेतल्या. काही म्हणाले, "तुझ्याकडेच असू दे, तुझ्यावर विश्वास आहे." मी म्हटलं, "माझ्यावर ठेवू नका," आणि चुलीशेजारी ठेवून निघालो. मेलेल्यांच्या त्यांच्या घरी दिल्या. मला भीती होती की बायका शिक्क्याबद्दल विचारतील. एकीनंही शेवटचं पान उघडलं नाही. सगळ्यांनी फोटोचं उघडलं. एका म्हातारीनं नवऱ्याला बघून म्हटलं, "मेल्या, तेव्हा तरी दाढी करायची होतीस." मग एप्रननं फोटो पुसून आत घेऊन गेली.

आता निवडणुकीच्या रविवारचं.

मी सकाळी आठला शाळेत मत द्यायला गेलो, जन्मात पहिल्यांदा. मेजामागे तालुक्याहून आलेला अधिकारी होता. मी पुस्तिका पुढे केली. त्यानं यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "तोरिबिओ सुबिरिया. तुमचं मत पडलंय."

"मी आत्ता येतोय."

"नावापुढे खूण आहे. तुम्ही मत दिलंय. पुढचा."

"माझ्या पुस्तिकेवर शिक्का नाही, साहेब. बघा."

"ते मला सांगू नका. पुढचा!"

मी भांडणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण घरी जावंसं वाटेना. शाळेच्या भिंतीला लागून बाक आहे, त्यावर जाऊन बसलो. पाठोपाठ फेर्मीन बाहेर आला. "माझंही पडलंय म्हणे," म्हणाला आणि शेजारी बसला. मग त्याचा मेहुणा. बाक भरल्यावर लोक जमिनीवर बसले. दहा वाजेपर्यंत आम्ही चौतीस होतो. कोणी ओरडलं नाही. प्रत्येकाची पुस्तिका गुडघ्यावर होती. अधिकारी दर थोड्या वेळानं खिडकीतून बघायचा आणि आत जायचा. शेवटी त्यानं हरकतीचा कागद बाहेर पाठवला. मी सगळ्यांची नावं लिहिली, ज्यांना येत होतं त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठा उठवला. तो कागद ला प्लाताला, प्रांताच्या कचेरीत जाईल. वाचतील की नाही, देव जाणे. निवडणूक दॉन सेवेरोंच्या पक्षानं जिंकली, हे तुला सांगायला नकोच. खोली मला महिनाअखेर सोडायची आहे. फादरांनी हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. फेर्मीनच्या भट्टीमागे एक खोली रिकामी आहे. तिथे गरम होईल, पण जागा आहे.

हे सगळं खरं, पण मला तुला दुपारचं सांगायचं आहे.

बाराच्या सुमारास मांस भाजल्याचा वास यायला लागला. दॉन सेवेरोंचं अंगण शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्यातल्या कित्येकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अकॉर्डियन वाजायला लागला, थांबला, परत वाजला. तिकडे जायला कोणी उठेना. शेवटी दॉन सेवेरो स्वतः चालत आले. आमच्यासमोर उभे राहिले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"चला, झालं ते झालं. आपण सगळे एका गावचे. ऊठ तोरिबिओ, जेवायला चल."

ते ऊठ म्हणाले की मी उठतो, तीस वर्षं. पाय हललेही. पण मी बसून राहिलो.

"नको, दॉन सेवेरो. मी वाट बघतोय."

"कोणाची?"

"माझी. मी सकाळी येऊन मत देऊन गेलो म्हणतात. परत आलो तर भेट व्हावी म्हणून बसलोय."

फेर्मीनला हसू फुटलं. मग त्याच्या मेहुण्याला, मग सगळ्या भिंतीला. खिडकीतून बघणारा अधिकारीसुद्धा हसला आणि पटकन आत गेला. मी विनोद करायला गेलो नव्हतो, बेनिता. मला खरंच तो माणूस बघायचा होता.

दॉन सेवेरोंनी हॅट काढली, घाम पुसला, परत घातली. मग आल्या वाटेनं वळले. आम्ही सहा वाजता दार बंद होईपर्यंत बसून होतो. त्या अंगणात तीन कोकरं आणि अर्धी गाय भाजून पडली होती.

संध्याकाळी सान एलोयमधली सगळी कुत्री पोटं ओढत हिंडत होती.

तुझा दादा,
तोरिबिओ